उसवलेला कोट

कपडे अजून बोलत होते तेव्हाची ही गोष्ट. दमयंती शिंपिणीच्या दुकानात तिच्या गुरूंनी शिवलेला एक काळा कोट टांगलेला असे. त्याचे खांदे इतके ताठ होते, की बाकीचे कपडे त्याला रोज वाकून नमस्कार करत.

एके सकाळी दमयंतीने तो उसवायला घेतला. म्हणाली, "गुरुजींनी हे खांदे उभे कसे केले, ते मला बघायचंय."

"अगं, माझी अब्रू चव्हाट्यावर आणतेस?" कोट ओरडला. "हा ताठपणा माझा जन्मजात आहे. आत बघण्यासारखं काही नाही!"

"मग घाबरता कशाला, कोटराव?" म्हणत दमयंती कात्रीने वरच्या शिवणीचा एकेक टाका कापत गेली.

काळं कापड सैल होऊन गळून पडलं. खाली जाडंभरडं कॅनव्हास होतं, आणि त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक, तिरके, हाताने घातलेले टाके. दमयंतीने नकळत हात जोडले.

कोटाचा आवाज खाली आला. "इतकी वर्षं मला तुम्ही धरून ठेवलंत?"

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे," टाके म्हणाले.

दमयंतीने कोट पुन्हा शिवला, पण खांद्यांवर काळं कापड लावलं नाही. टाके उघडेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सगळे कपडे सवयीने वाकले.

"लांबून नको," कोट म्हणाला. "जरा जवळ येऊन वाका. टाके फार बारीक आहेत."