घसारा म्हणजे काय

सांगा सांगा म्हणून पिच्छा पुरवलाय, तर एकदाच ऐका. परत विचारायचं नाही.

"पण माझं चुकलं कुठं, सर?"

पोरगा तिसऱ्यांदा हेच विचारत होता. ओतूरकर सर हजेरीचं बुक चाळत होते. तीस वर्षं कॉमर्सच्या पोरांना जमाखर्च शिकवून माणूस पार थकला होता.

त्यांची परीक्षाच तशी. शेवटच्या वर्षाच्या पोरानं एखाद्या गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत उभं राहायचं आणि सभासदांना ताळेबंद समजावून सांगायचा. जमलं की सर चिठ्ठी देत. ती चिठ्ठी नेऊन दिली की तालुक्याच्या ऑडिटरकडे नोकरी पक्की.

हा तर हातात कागद न घेता बोलून आला होता. तरी चिठ्ठी मिळेना.

"टाळ्या पडल्या, सर."

"पडल्या."

"सगळे मंजूर, मंजूर म्हणाले."

"मागं जेवणाची पानं वाढली होती."

...

सर सभेत मागं बसलेच होते, तरी त्यांनी विचारलं, कुणी शंका काढली का. काढली होती म्हणे एकानं, गणू आडसूळ नावाच्या म्हाताऱ्यानं. दूध गार करायचं मशीन जागच्या जागी आहे, मग कागदावर त्याचे चाळीस हजार कमी कसे झाले, कुणी खाल्ले, असं विचारत होता. पोरानं हसून सांगितलं, आजोबा, तो घसारा असतो, तुम्हाला नाही कळायचं, खाली बसा. सभा खो खो हसली. म्हातारा बसला.

"घसारा म्हणजे काय?" सर म्हणाले.

पोरानं व्याख्या म्हटली. पुस्तकातली, एका दमात.

सर कंबर धरून वाकले. पायातली चप्पल काढली आणि उलटी करून टेबलावर ठेवली, हजेरीच्या बुकावरच. टाच झिजून पापडाएवढी उरलेली.

पोरानं त्या झिजल्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"कळलं, सर." आवाज आता खाली आला होता. "पुढच्या सभेत असंच सांगेन. आता तरी चिठ्ठी द्या."

सरांनी कागद ओढला, वर त्याचं नाव घातलं आणि पेनाला टोपण लावलं. पुढं सगळं कोरं.

"आडसूळ अजून खालीच बसलेत, मंदार निंबोरे."