भित्रा गेनू आणि धीट ठकू

तळ्याकाठच्या राज्यात दया भरपूर होती, फक्त ती कुणाला द्यायची याचे नियम फार कडक होते. पल्याडचं रान लांडग्यांनी घेतल्यापासून आईबापांवेगळी पिल्लं फाटकाशी येत. ज्याची भीती खरी ठरेल ते आत, बाकीची परत. भीती पोरींना वाटते आणि पोरं भीती घालतात, हे तिथे इतकं ठरलेलं होतं की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नसे.

एका सकाळी ठकू नावाचं खवले मांजराचं पिल्लू आपल्या भावाला, गेनूला, शेपटीला धरून ओढत तिथे आलं. गेनू वाटभर रडत होता. ठकूलाही रडू येत होतं, पण दोघंही रडली तर रस्ता कोण शोधणार?

निवाडा करायला करकोचेसाहेब दगडावर उभे होते. त्यांनी गेनूकडे पाहिलं.

"अरे बाप रे, अंगभर चिलखत! हा तर लढवय्या. आणि रडतोय बघा कसा. नाटकं!"

मग ठकूकडे वळून त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला. "आणि ही अंगावरची नक्षी! बिचारी. भावामागून आलीस ना, बाळ?"

"मीच आणलं त्याला," ठकू म्हणाली.

"घाबरलीये, काहीही बोलते," साहेब म्हणाले. "मुलगी आत, मुलगा परत."

गेनू एकटा तिकडे अर्धा दिवससुद्धा टिकला नसता.

"साहेब, चुकलं!" ती ओरडली. "गेनू मी आहे. ठकू ही, रडतेय ती!"

साहेबांनी पापणीही लववली नाही. "तरीच! या पोराची धिटाई बघा, आणि काय ते चिलखत! त्या बिचारीला आत घ्या. हा परत."

ठकूने कपाळावर पंजा मारला. आता गेनू मोठ्याने रडत म्हणाला, "नाही हो, गेनू मीच! तिला नका पाठवू!"

साहेब भडकले. त्यांनी फाटकावरच्या मुंगूस शिपायाला फर्मावलं, "यातला जो भ्यालेला नाही, तेवढा उचल आणि बाहेर टाक!"

तेवढ्यात पल्याडच्या रानातून लांडग्याची आरोळी आली. ठकूने गेनूला पोटाशी घेतलं आणि त्याच्याभोवती स्वतःला गच्च गुंडाळून घेतलं. फाटकाशी एकच चेंडू उरला. मुंगसाने तो उलटला, पालटला, पण कुठून सोडवायचा ते त्याला कळेना.

"एवढं जमत नाही? सरक!" म्हणत साहेब दगडावरून खाली उतरले आणि चेंडूत चोच खुपसणार, तोच दुसरी आरोळी आली, अगदी जवळून.

थोड्या वेळाने ठकूने शेपटीच्या फटीतून हळूच पाहिलं. शेजारी पांढऱ्या पिसांचा एक मोठा चेंडू थरथरत होता. चोच पंखाखाली, एक पाय पोटात. मुंगूस आळीपाळीने दोन्ही चेंडूंकडे बघत होता. बाहेर टाकण्याजोगं त्याला कुणी सापडेना, म्हणून त्याने दोन्ही चेंडू आत लोटून फाटक लावून घेतलं.