खाडीवरचे दोन निबंध

एकदा एका वयोवृद्ध राज्यशास्त्रज्ञाचे सर्व शोधनिबंध एका संस्थेने आपल्या संकेतस्थळावर जतन करायचे ठरवले. शेजारी देशांचे राजकारण आणि त्यांच्याशी असलेले आपले संबंध, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. निबंध लावण्याचे काम त्यांची विद्यार्थिनी हेमांगी हिच्याकडे होते.

नेमके तेव्हाच सीमेवरच्या खाडीत शेजारी देशाने आपले काही मच्छीमार पकडले. वाहिन्यांवर आरडाओरडा सुरू झाला. ती खाडी आपलीच आहे, हे साधार मांडणारा सरांचा एक गाजलेला निबंध होता. मात्र त्याला जोडून, पलीकडच्या देशातल्या एका प्राध्यापकाने केलेले त्याचे खंडनही सरांनी ठेवले होते. ते पाहताच हेमांगी तडक सरांकडे गेली.

"सर, हे आत्ता नको. लोक तुम्हाला देशद्रोही म्हणतील. घरावर दगड येतील."

"बरं, काढ," सर म्हणाले. तिला हायसे वाटते न वाटते तोच ते पुढे म्हणाले, "आणि माझाही काढ."

"तुमचा? अहो, आज सगळे तोच शोधताहेत!"

"म्हणूनच. ठेवायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नको."

हेमांगीला याचा अर्थ लागेना. तरी तिने दोन्ही निबंध ठेवले. दुसऱ्या दिवसापासून शिव्या आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. संस्थेच्या संचालकांनी खुलासा मागितला. दाराशी मोटार थांबली, तरी ती आधी कडी लावून घेई. सरही खिडकीजवळ बसेनासे झाले. पण "काढ" असे ते म्हणाले नाहीत.

मग एक फोन आला. तिने तो भीतभीतच उचलला. मच्छीमारांच्या सुटकेची बोलणी करायला जाणाऱ्या शिष्टमंडळातल्या एक अधिकारी बोलत होत्या. "त्या प्राध्यापकांनी सरांचं जवळजवळ सगळंच खोडलंय. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य आहे. वादळात कुठल्याही काठाची होडी कुठल्याही काठाला लागली, तरी तिला अडवायचं नाही, ही तिथली जुनी रीत. आपली माणसं वादळानंच तिकडे गेली होती. आम्ही तिथूनच बोलायला सुरुवात करणार आहोत."

हेमांगी धावतच सरांकडे गेली. "हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं. ठाऊक असतं तर मला झोप लागली असती," सर म्हणाले. "एवढंच कळत होतं, की फक्त माझा निबंध वाचला तर आपला हक्क दिसतो, त्यांचा वाचला तर त्यांचा. दोघांचं कुठं जुळतं, ते दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. आणि पकडलेली माणसं घरी आणायची, तर नुसता हक्क पुरत नाही. जुळणारी जागा सापडावी लागते."

"सुटतील ते?"

"कोण जाणे."

ते सुटले. खाडीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पुढे हेमांगी स्वतः नावाजलेली अभ्यासक झाली. आपला निबंध संग्रहात देताना त्याचे सर्वांत कठोर खंडन शोधून ती सोबत जोडते. दर वेळी तिला भीती वाटते, आणि तरीही ती ते जोडते.