पांढुकलीनं भिंत कशी ओलांडली

पळसाचं एक रान होतं, आणि फाल्गुनात ते असं केशरी व्हायचं की बडबडे पोपटसुद्धा घटकाभर गप्प बसायचे. त्या रानाच्या काठाला, चिमुकल्या झोपडीत, सगुणी, तिची आई आणि धाकटा किसू राहायचे. साठवलेली पळसाची पानं कडेला कड लावून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची आणि पत्रावळ्या विकायच्या. गावाच्या पंगती त्यांवर पोटभर जेवायच्या. सगुणीच्या घरी मात्र भाकरीबरोबर मीठ, फार झालं तर एखादी मिरची.

तरी घरात हसू असायचं. पण परवा सगुणीकडून अंगणातली एक काडी उचलायची राहिली आणि ती किसूच्या टाचेत मोडली. टाच लालबुंद सुजली, अंग तापलं. 'माझ्यामुळंच झालं,' असं सगुणीला सारखं वाटत होतं.

सकाळी ती पाणी आणायला रानात गेली, तर खोडावरच्या लाल डिंकात एक बोटभर परी चिकटलेली! हिरवे-निळे पंख, चांदण्यांचा इवलासा झगा आणि चेहरा अगदी रडवेला.

"ओढू नकोस गं, फाटतील!" परी म्हणाली.

सगुणीनं ओंजळीतून थेंब थेंब पाणी सोडत डिंक विरघळू दिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे पंख सुटले.

"माग काय हवं ते," परी म्हणाली. "मागणं एकच. आणि नियमही एकच. काही फाडायचं नाही. फाडलंस की जादू संपली."

"माज्या किसूची टाच बरी कर."

"बरं करणारे त्याच्या अंगातच आहेत, बाळ. मी तुला त्यांच्यापाशी पोचवते."

सगुणीनं डोळे मिटून उघडले, तर ती धुळीच्या कणाहूनही लहान झालेली, आणि किसूच्या रक्तात वाहत चाललेली! दोन्ही बाजूंना रक्तवाहिनीची भिंत होती आणि भोवती लाल लाल चकत्या चमचमत घाईनं पळत होत्या. त्यांच्यात एक गोलमटोल, पांढरीशुभ्र पेशी गटांगळ्या खात रडत होती.

"का गं रडतीस?" सगुणीनं विचारलं.

"मी पांढुकली. भिंतीपल्याड काडी रुतलीया, तिथं जंतू माजल्यात. मला वास येतोया, पण दार कुटंच न्हाई! ही धार मला फुडं फुडं नेतीया. फाडू का भिंत?"

'फाड' असं सगुणीच्या ओठांवर आलंच होतं. किसूसाठी तिनं डोंगरसुद्धा फोडला असता. पण तिला परीचा नियम आठवला. शिवाय पान फाटलं की पत्रावळीतून सगळी आमटी गळते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? इथं तर किसूचं रक्त होतं. तिनं डोळे बारीक करून भिंत न्याहाळली. ती सलग नव्हतीच! चपट्या, नाजूक पेशी कडेला कड लावून, एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"अगं, ही तर पत्रावळीवाणी टाचल्याली हाय! फाडू नगंस, सांध्यातनं जा!"

"पर थांबू कशी?"

दुखऱ्या जागेजवळ भिंतीनं इवलीइवली बोटं बाहेर काढली होती. "धर! सोड! फुडचं धर!" सगुणी ओरडली. पांढुकली घरंगळली, अडखळली, हळू झाली आणि शेवटी भिंतीला गच्च चिकटली. मग चपटी होऊन तिनं एक पाय सांध्यात घातला.

"बायांनो, जरा सरकता का?" सगुणीनं आर्जवानं विचारलं. भिंतीतल्या दोघी किंचित सरकल्या.

"परत येशील न्हवं?" सगुणीनं पांढुकलीला विचारलं.

"न्हाई गं. तिकडं गेल्याली तिकडंच ऱ्हाती. पर त्यासाटीच तर मी जन्मले!" पांढुकली हसली, दोऱ्याएवढी बारीक झाली आणि सुळकन पलीकडं जाऊन पुन्हा गोल झाली. सांधा मिटला, थेंबभरही रक्त गळलं नाही. तिचं पाहून दहाजणी गेल्या, मग शंभरजणी.

सगुणीनं डोळे मिटून उघडले, तर ती पुन्हा मोठी होऊन घरी किसूजवळ होती. दोन दिवसांनी दुपारी किसूची टाच फुटली आणि काडी बाहेर आली. तिच्याबरोबर एक पांढरा थेंब.

"पू हाय त्यो. फडक्यानं पूस आनि दे टाकून," आई म्हणाली.

"न्हाई आये, त्यो टाकायचा न्हाई." सगुणीनं तो थेंब पळसाच्या पाकळीवर अलगद टिपला. तिचे डोळे भरून आले. "पांढुकले, तुजं लई उपकार झालं गं." दारातल्या पळसाच्या मुळाशी तिनं ती पाकळी मातीत ठेवली.

त्या मातीवर परी उभी होती. "स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस. म्हणून हे माझ्याकडून," ती म्हणाली. तिनं खोडाला हात लावला मात्र, पान नसलेल्या त्या झाडाला सुपाएवढी रुंद, हिरवीगार पानं फुटली. आता बारा महिने पत्रावळ्या टाचायला पानं कमी पडणार नव्हती. सोनेरी उजेडाचा एक झोत उठला आणि परी त्यात विरून गेली.

आई तोंडाचा आ करून झाडाकडं बघत राहिली. सगुणीचं तिकडं लक्षच नव्हतं. किसूनं टाच जमिनीला टेकवून पाहिली होती.

"ताये, आता धर मला!" असं म्हणत तो अंगणभर पळत सुटला, आणि सगुणीनं मुद्दाम त्याला बराच वेळ पकडलं नाही.