राजकन्येचे मिटलेले ओठ

एका राज्यात राजा होता मोठा शूर, पण त्याचा शब्द होता दोन तऱ्हांचा. थोरांना दिलेला शब्द तो जिवावर उदार होऊन पाळी. लहानांना दिलेला मात्र दिवस मावळेतो विसरून जाई. राजाचे नाव शार्दूलकेतू. त्याची थोरली बहीण हैमवती राजवाड्यातच राहात असे, आणि राजाची आईवेगळी लेक मृणालिनी तिच्याच मांडीवर वाढत होती.

मृणालिनीला हिमज्वर जडला. त्यावर उतारा एकच, काळमुळीचा कडूजहर काढा, रोज सकाळी वाटीभर.

पहिल्या दिवशी राजा म्हणाला, "घे बाळ, तुला बोलकी मैना देतो." मृणालिनीने डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि दिवसभर खिडकीत बसली. मैना आली नाही. दुसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "घे, तुला रुप्याचा झोपाळा टांगतो." तिने काढा घेतला. झोपाळा कुणी टांगला नाही. तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "घे, हत्तीवर माझ्यापुढे बसवून नगरभर हिंडवतो." तिने काढा घेतला, नवा परकर नेसून दाराशी उभी राहिली. राजा शिकारीला निघून गेला.

तो परतताच हैमवतीने त्याला गाठले. "शार्दूला, पोर वाट पाहून उपाशी झोपली."

राजा हसला. "अक्का, काढा पोटात गेला ना? झाले तर. पोरांच्या काय लक्षात राहते!"

हैमवतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

चौथ्या सकाळी मृणालिनीचे ओठ मिटले ते मिटलेच. शब्द बाहेर येईना, थेंब आत जाईना. राजवैद्यांनी चांदीचा चमचा लावून पाहिला, तो वाकला. ताप चढू लागला. "हिऱ्यांची बाहुली देतो!" राजा ओरडला. ओठ आणखी घट्ट झाले.

इतक्यात खिडकीत एक निळा पक्षी येऊन बसला. म्हणाला, "या राज्यात मोडलेला प्रत्येक शब्द धूम्रकेश जादूगाराच्या गुहेत जाऊन पडतो. शब्द पुरे करा, ओठ सुटतील."

हैमवतीने पदर खोचला आणि घोड्यावर मांड टाकली.

गुहेत मोडलेले शब्द वस्तू होऊन पडले होते. मागच्या राजांनी सैनिकांना कबूल केलेल्या जमिनी, राण्यांना कबूल केलेले हार. पण एक ढीग छताला टेकला होता. त्यात भिंगऱ्या होत्या, बाहुल्या होत्या, लाकडी घोडे होते.

"हे कोणाचे?"

"आजारी लेकरांचे," धूम्रकेश म्हणाला. "औषध गिळून झाले की यातले कोणाला काही द्यावेसे वाटत नाही. मी चोरले नाही, बाईसाहेब. तुमच्याच घरांतून आले."

हैमवतीला आपल्याच माणसांची किळस आली.

"मैना द्या," ती म्हणाली.

"ती कोपऱ्यातल्या ज्वाळेत आहे. हात घालून घ्या."

तिने हात घातला. हात पोळला, मैना मिळाली.

"झोपाळा द्या."

"त्याला दोर नाहीत. आपल्या केसांचे वळा."

तिने गुडघ्यांपर्यंतचे केस कापले आणि दोर वळले.

"आता हत्ती द्या."

धूम्रकेशाने मान हलवली. "हत्ती हवा तर नेऊ शकता. त्याच्यावर बसणारा बाप मी कोठून देऊ?"

हैमवतीने परतून मैना आणि झोपाळा मृणालिनीच्या खोलीत पोचवले आणि ती तशीच भर दरबारात शिरली. "राजा!" ती कडाडली. "शत्रूच्या दूताला दिलेला शब्द तू पाळतोस, आणि तापाने फणफणलेल्या पोटच्या पोरीला फसवतोस? एकदा नव्हे, तीनदा! ती भांडू शकत नाही म्हणूनच ना?"

प्रधान म्हणाले, "अक्कासाहेब, लेकराच्या भल्यासाठीच..."

"तुम्ही गप्प बसा! खोटे बोलून कोणाचे भले केलेत?"

राजाने तिचा भाजलेला हात पाहिला आणि तो सिंहासनावरून उतरला. लेकीच्या उशाशी जाऊन म्हणाला, "मृणाल, मी तुझ्याशी खोटे बोललो." मग त्याने तिला शालीत गुंडाळले, हत्तीवर पुढ्यात घेतले आणि गल्लीगल्लीतून हिंडवले. वेशीपाशी कळी उमलावी तसे तिचे ओठ उघडले.

वैद्य काढा घेऊन धावले. मृणालिनीने वाटीकडे पाहिले, मग बापाकडे. "बाबा, आधी तुम्ही."

राजाने घोट घेतला. रणात जखमा सोसलेल्या त्या माणसाचे तोंड वेडेवाकडे झाले, डोळ्यांना धार लागली. "हे तू रोज प्यालीस?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही देतो म्हणालात म्हणून."

राजाने मान खाली घातली. मृणालिनीने उरलेला काढा पिऊन टाकला. त्यानंतर रोज एक वाटी, आणि रोज दिवस मावळण्याआधी कबूल केलेली वस्तू तिच्या हातात. ज्वर उतरला. हाच नियम राजाने डंका पिटून साऱ्या राज्याला लावला, आणि धूम्रकेशाच्या गुहेतला तो ढीग वितळून गेला.

खेळण्यांसाठी राजाज्ञा निघाल्याचे ऐकून प्रधान मिशीत हसले. हैमवतीने तिथल्या तिथे काळमुळीचा काढा मागवला, प्रधानांपुढे वाटी ठेवली आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत ती तिथून हलली नाही.