पाठीवरची माती

एकदा एका तालमीतून एक पराभव चोरीला गेला. हसू नका. गदा चोरीला जाते, बिल्ला चोरीला जातो, मग पराभव का नाही जाणार? आणि गंमत अशी की ज्याचा गेला, त्याला चोरी झाल्याचं कळलंसुद्धा नाही. उलट तो मोठ्या खुशीत होता.

नदीकाठच्या एका गावात आण्णाप्पा वस्तादांची तालीम होती. वस्ताद पंचाहत्तरी ओलांडलेले, दोन्ही कान मोडलेले, बोलणं मोजकं. त्यांच्या हाताखाली तयार झालेला रणधीर हा त्या पंचक्रोशीचा अभिमान. पोरगा देखणा, अंगानं भरलेला, आणि मातीत उतरला की समोरच्याला घाम फोडणारा. यंदा शेजारच्या तालुक्यातल्या जत्रेत शेवटची कुस्ती त्याची होती, आणि समोर होता बिरू नावाचा एका मेंढपाळाचा मुलगा. मानाची चांदीची गदा रणधीरच आणणार, हे गावानं जणू आधीच ठरवून टाकलं होतं.

कुस्ती चांगली रंगली. आणि मग बिरूनं ढाक हा डाव मारला. रणधीर उचलला गेला, फिरला आणि दोन्ही खांदे मातीला टेकून पडला. चीत. स्वतः एकेकाळचे नामांकित पैलवान असलेल्या दत्तोबा पंचांनी निकाल दिला. त्या भागात एक जुना रिवाज आहे: हरलेल्या गड्याच्या पाठीची माती जिंकणाऱ्यानं आपल्या हातांनी झाडायची. पाठीला माती तशीच ठेवून माणसाला गर्दीतून घरी पाठवायचं नाही. बिरूनं रणधीरला उठवलं, दोन्ही तळव्यांनी त्याची पाठ स्वच्छ झाडली, आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले.

नेमका त्याच वेळी एका बातमीवाल्या पोरानं रणधीरच्या मागून फोटो काढला. फोटो उत्तम होता. पण कार्यालयात बसलेल्या कुणा महाभागानं त्याखाली ओळ टाकली: ‘रणधीर चीत झाल्याचा निकाल पंचांनी दिला, तो क्षण.’ झालं! संध्याकाळच्या आत तो फोटो हजारो मोबाइलवर गेला आणि कुणीतरी रणधीरच्या पाठीभोवती लाल गोल काढला. ‘बघा, नीट बघा. पाठीला माती कुठं आहे? चीत झालाच कुठं?’

मग काय, एकेकाची अक्कल नुसती उतू जाऊ लागली. दत्तोबा पंचांनी कुस्ती चालू असताना टोपी का काढली? तो इशारा होता. (अहो, ऊन होतं, माणसाला घाम आला होता!) पंचांची भाची बिरूच्या गावात का दिली आहे? कट जुना आहे. बातमीवाल्यांनी चूक ध्यानात येताच ओळ दुरुस्त केली, तर त्या दुरुस्तीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, ‘बघा, दबाव आला!’ बिरू बिचारा सांगत राहिला की पाठ मीच झाडली. तर त्यालाच लोकांनी खोटारडा ठरवलं. खरं सांगणारा प्रत्येक माणूस कटात सामील, असं एकदा ठरलं की मग बोलायचं तरी कुणी?

आता रणधीरचं सांगतो. हरला त्या दिवशी तो जीपमध्ये तोंडावर टॉवेल घेऊन ओक्साबोक्शी रडला होता. घरी आईनं वाढलेल्या ताटाला त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मित्रानं लाल गोलाचा फोटो दाखवला, तेव्हा तो म्हणाला, “काय तरीच काय!” पण दिवसभर लोक येत राहिले, खांद्यावर हात ठेवून म्हणत राहिले, “तुला फसवलं रं, पैलवान.” संध्याकाळी त्याच्या मनात आलं, कदाचित. त्याच्या पुढच्या दिवशी वाटलं, असणारच. आणि टीव्हीच्या एक बाई माइक घेऊन दारात आल्या तेव्हा तो छाती काढून बोलून गेला, “माझी पाठ टेकलीच नव्हती.” बोलल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की आईच्या हातची भाकरी त्यानं चवीनं खाल्ली.

इकडे दत्तोबांचे हाल विचारू नका. उभी हयात ज्या माणसानं आखाड्यात इमान राखलं, त्याच्या दारासमोर पोरं शिव्या लिहून जात होती. त्यांनी मैदानात पुन्हा पाऊल न टाकण्याचं जाहीर केलं, तर लोक म्हणाले, ‘कबुलीच दिली की!’ जत्रेचे पुढारी घाबरले. बिरूकडून गदा परत घेऊन रणधीरला द्यायची, अशी कुजबुज सुरू झाली. आणि तालमीच्या पोरांनी बेत केला की सकाळी उठून दत्तोबांच्या गावी जायचं आणि त्यांच्या तोंडाला काळं फासायचं. सगळ्यांत पुढे अर्थातच रणधीर.

सकाळी तालमीपुढे मोटारसायकलींची रांग लागली. काळ्या रंगाचा डबा तयार होता. वस्तादांचा आशीर्वाद घेतला की निघायचं. इतके दिवस म्हातारा एका शब्दानं बोलला नव्हता, म्हणून पोरांना वाटलं, त्यांचीही संमतीच असणार.

वस्ताद बाहेर आले. सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “रणधीर, शर्ट काढ. आत ये. मातीत उताणा झोप.”

तालमीची माती म्हणजे पैलवानाला देवघर. तिथं तो नमस्कार करून उतरतो, पण दमला म्हणून कधी पाठ टेकत नाही. अपशकुन मानतात तो. रणधीर गोंधळला. “वस्ताद, असं कसं? तालमीत...”

“झोप म्हणतो न्हवं?”

रणधीर झोपला. लाज वाटली त्याला, कारण दारात सगळी पोरं उभी होती. वस्तादांनी त्याचे खांदे दाबून मातीत चांगले घोळवले आणि मग हात देऊन उठवलं. तेल-हळदीची ती लाल माती पाठभर लागली होती. मग पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं आपल्या पठ्ठ्यामागे उभं राहून, खांद्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही हातांनी त्याची पाठ झाडायला सुरुवात केली. बारीक कण राहिले ते खांद्यावरच्या पंच्यानं टिपले. एवढ्या वर्षांत वस्तादांनी कुणाची पाठ झाडलेली कुणी पाहिली नव्हती. आपल्या गुरूचे हात पाठीवर फिरत आहेत, हे जाणवून रणधीरला कसंसंच झालं.

“आता काढा फोटो,” वस्ताद पोरांना म्हणाले.

काढले. वस्तादांनी एकाचा मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि सगळ्यांना दाखवला. “माती दिसती काय?”

“न्हाई, वस्ताद.”

“मग ह्यो आत्ता झोपला हुता का न्हवता? बोला की! तुमच्या डोळ्यांदेखत झोपला.”

एकानं काळ्या रंगाचा डबा हळूच पायामागे सरकवला.

“फोटो खोटा न्हाई,” वस्ताद म्हणाले. “तवाबी खराच हुता. त्याच्या खाली लिवलेली वळ चुकली कुणाची तरी. चुकतंय माणूस. पण तुम्ही त्या चुकलेल्या वळीवर माडी बांधली रं, आणि माडीवर बसून एका इमानदार गड्याला दगडं मारायला लागलात. पाठ झाडायचा रिवाज आपलाच न्हवं? एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई? आलं असंल. पण सोयीचं नव्हतं.”

मग ते रणधीरकडे वळले. आवाज खाली आला, पण सगळ्यांना ऐकू जात होता.

“ही पोरं फोटो बघून फसली. त्यांचं समजू शकतो मी. तुला फोटो कशाला लागला? तुझी पाठ तुझ्यापाशी हाय की. टेकली तवा तुला कळलं न्हवं?”

रणधीरनं मान खाली घातली. “कळलं हुतं, वस्ताद.”

“मग? हार तुझी हाय, लेकरा. चार वर्सं पहाटं उठून, दंड-बैठका मारून तू तिथवर पोचलास, तवा ती मिळाली. ती अशी कुणालाबी का नेऊ देतोस? ढाकेची तोड मी तुला शिकवणार हाय. पण ढाक लागली हे आधी तू कबूल केलं पायजे. जो हरलाच न्हाई, त्याला मी काय शिकवू? त्यानं तालमीत यायचं कशाला?”

रणधीरनं वस्तादांचे पाय धरले, शर्ट चढवला आणि आपली मोटारसायकल काढली. वस्ताद मागे बसले. बाकीची पोरंही निघाली, पण डबा तालमीतच राहिला.

बेताची कुणकुण लागून दत्तोबांच्या दारात गर्दी आधीच जमली होती. गावोगावची रिकामी मंडळी, हातात मोबाइल वर धरलेली. रणधीरला पाहताच त्यांनी जल्लोष केला, त्याला वाट करून दिली. तो पायरीवर चढला, गर्दीकडे तोंड करून उभा राहिला.

“सगळ्यांनी मोबाइल चालू ठेवा,” तो म्हणाला. “मी चीत झालोय. दोन्ही खांदे टेकले. बिरूनं ढाक मारली, आणि मारली ती लाखात एक. माझी पाठ त्यानंच झाडली, म्हणून फोटोत माती न्हाई. दत्तोबा पंचांनी दिलेला निकाल शंभर टक्के खरा. टीव्हीवर मी बोललो ते खोटं हुतं. माझं चुकलं.”

गर्दीत खळबळ उडाली. ज्याच्यासाठी आपण आठवडाभर भांडलो, तोच असं म्हणतो? मागून एकजण ओरडला, “ह्यालाबी विकत घेतला काय रं?” लोक हसले. दुसरा म्हणाला, “किती मिळालं पैलवान?”

बघा कसं असतं! कालपर्यंत ज्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यालाच एका वाक्यात कटात ढकलून मोकळे झाले. रणधीरची कानशिलं तापली. पण आज त्याचा आवाज चढला नाही. तो शांतपणे म्हणाला, “हरलोय मी. इकलो न्हाई.”

हळूहळू वर धरलेले मोबाइल खाली आले. कडेची माणसं कामं आठवल्यासारखी पांगू लागली. सगळ्यांना पटलं असं नाही. काहीजण अजूनही कुजबुजतच गेले, आणि ते कुजबुजतच राहतील. पण दार उघडलं. दत्तोबा बाहेर आले, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रणधीर त्यांच्या पायाशी वाकला, तर त्यांनी त्याला अर्ध्यातच वर ओढून छातीशी धरलं, आणि मग तो एकेकाळचा नामांकित पैलवान लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

ज्याला आपली हार आपली म्हणता येते, त्याला कुणाच्या लाल गोलाची गरज उरत नाही, एवढं त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्यांना तरी कळलं.

आण्णाप्पा वस्ताद गल्लीच्या तोंडाशी, हातात काठी घेऊन उभे होते. पुढे गेले नव्हते. शेजारच्या दारात एक म्हातारी सगळं पाहत होती. तिनं पदरानं डोळे टिपले आणि विचारलं, “कुणाचं ओ, हे पोर?”

वस्तादांनी फेटा नीट केला, पाठ ताठ केली.

“माझं,” ते म्हणाले.