पाठीवरच्या पेंढ्या

फार मागची गोष्ट. ओढ्याला पूर आला की खालच्या डोहातलं पाणमांजर यायचं आणि सखल काठावरची सशाची पिल्लं पलीकडच्या टेकाडावर नेऊन सोडायचं.

एकदा ते तिथल्या म्हशीला म्हणालं, "म्हशीबाई, माझं घर लांब. पाणी माझ्या आधी येतं. हे काम आता तुम्ही शिका."

मग म्हैस रोज पाठीवर गवताच्या पेंढ्या घेऊन ओढा ओलांडू लागली. पण मधोमध गार पाणी पोटाला लागलं की सवयीनं खाली बसायची आणि पेंढ्या वाहून जायच्या. पाणमांजर रागवायचं नाही. "पुन्हा घ्या," एवढंच म्हणायचं.

पुढं पूर आला तेव्हा पाणमांजर डोहातच अडकलं. सशिणीनं पिल्लं म्हशीच्या पाठीवर ठेवली. मधोमध म्हशीचे गुडघे वाकू लागले.

"मावशी, बसू नकोस हं," एक पिल्लू तिच्या कानाशी म्हणालं.

म्हैस पाय रोवत चालत राहिली.

पाणमांजर धापा टाकत पोहोचलं तेव्हा पिल्लं टेकाडावर अंग सुकवत होती. म्हैस अजून उभीच होती. पाणमांजर तिच्याजवळ गेलं आणि हळूच म्हणालं, "म्हशीबाई, बसा आता."